थरोब्रेडच्या स्टडबुकला कुलूप कशाला?

रेसच्या घोड्यांचा विषय निघाला की दोन पार्ट्या हमखास पडतात. एक म्हणते रक्त शुद्ध ठेवा, बाहेरचं काही मिसळलं की स्पीड गेलाच समजा. दुसरी म्हणते अहो संकर केला की जोम वाढतो, मक्यात वाढतो, कोंबड्यांत वाढतो, मग घोड्यात का नाही वाढणार. मला दोन्हींचं म्हणणं अर्धवट वाटतं, पण सध्या सगळे नियम पहिल्या पार्टीच्या हातात आहेत त्यामुळे भांडायचं तर तिच्याशीच भांडावं लागतं. थरोब्रेड ही खास रेससाठी तयार झालेली घोड्यांची जात, तिचं स्टडबुक म्हणजे वंशावळीचं रजिस्टर जवळपास बंद आहे, आई आणि बाप दोघंही त्यात असतील तरच पोराचं नाव त्यात येतं. माझं मत असं की त्या रजिस्टरला एक छोटं, पण खरंखुरं दार पाहिजे. आणि लगेच सांगतो, ते स्पीड वाढवायला नकोय. स्पीड संकराने वाढणार नाही, निदान आता तरी नाही. ते का, आणि तरीही दार का हवं, हेच या लेखात मांडायचंय.

आधी शुद्धतेचं बघू. थरोब्रेड काही आभाळातून पडलेला नाही, तो स्वतःच संकर आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्याच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पूर्वेकडचे स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचे नर आणले गेले, त्यात बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ही तीन नावं रेसवाल्यांना तोंडपाठ असतात, आणि या घोड्यांकडून तिकडच्या घोड्या भरवल्या, त्यात काही घोड्या बाहेरून आलेल्या, काही तिथल्याच, साध्या, कुठलीही पेडिग्री, म्हणजे नोंदलेली वंशावळ नसलेल्या. वेदरबी यांनी थरोब्रेडचं हे रजिस्टर, जनरल स्टड बुक, छापायला घेतलं 1791 मध्ये. म्हणजे आधी जवळजवळ शंभर वर्षं मनसोक्त मिसळ झाली, कोण जोरात पळतं ते मैदानावर बघितलं गेलं, आणि मग कुणीतरी वही काढून म्हणालं की आता यापुढे फक्त यांचीच पोरं. आजच्या थरोब्रेडमध्ये नर बाजूने बघितलं तर साधारण 95 टक्के घोडे एकट्या डार्ली अरेबियनच्या वंशातले निघतात, ते सुद्धा बहुतेक एक्लिप्समधून, जो 1764 मध्ये जन्मला आणि 18 रेस पळून एकही हरला नाही. 2001 मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी पेडिग्री आणि डीएनए दोन्ही लावून दाखवलं की 30 पूर्वजांकडूनच आजच्या ब्रीडचा 78 टक्के वारसा येतो, आणि आईच्या बाजूच्या 72 टक्के ओळी फक्त 10 घोड्यांपर्यंत, म्हणजे माद्यांपर्यंत जाऊन थांबतात.

आणि ते 'अरेबियन' प्रकरण तर आणखी मजेशीर आहे. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की स्पीड अरबी रक्ताचा. 2020 मध्ये जगभरच्या अरबी घोड्यांचा जीनोम तपासला गेला तेव्हा आजच्या थरोब्रेडमध्ये अरबी ब्रीडचा म्हणावा असा वाटाच सापडला नाही, बापाकडून मुलाला जाणारा वाय क्रोमोसोमसुद्धा तुर्कमेनी घोड्यांच्या बाजूला झुकतो. पण त्याच अभ्यासात उलट्या दिशेची भेसळ मात्र सापडली, ती पुढे सांगतो.

आता स्पीडच्या जीनकडे येऊ, कारण संकराने काय होतं ते तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. मायोस्टॅटिन नावाचं एक प्रोटीन असतं, ते स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावतं. 2010 मध्ये आयर्लंडच्या एमेलिन हिल आणि त्यांच्या टीमने दाखवलं की थरोब्रेडमध्ये या जीनचे दोन प्रकार आहेत, सी आणि टी. आई बाप दोघांकडून सी मिळालेला घोडा कमी अंतराला, म्हणजे साधारण हजार ते सोळाशे मीटरला चमकतो, एक सी एक टी वाला मधल्या अंतराचा, आणि दोन्ही टी वाला दोन हजार मीटरच्या पुढे. सी वाल्याचे स्नायू लवकर भरतात, दोन वर्षांच्या वयातच तो रेसला तयार दिसतो, टी वाला तेव्हा नुसता हाडकुळा पोरगा असतो आणि ट्रेनर म्हणतो याला अजून वेळ द्या. मग 2012 मध्ये हा सी आला कुठून ते शोधलं गेलं, आणि उत्तर असं की तो ब्रीडमध्ये सुमारे 300 वर्षांपूर्वी एकदाच शिरला, आणि बहुधा एका ब्रिटिश देशी घोडीकडून. ज्या घोडीचं नाव कुणाला माहीत नाही तिने आजच्या स्प्रिंट रेसिंगचा पाया घातला, आणि आपण तीनशे वर्षं बाप मोजत बसलोय! विसाव्या शतकात तोच सी निअर्क्टिक आणि त्याचा मुलगा नॉर्दर्न डान्सर यांच्यामार्फत सगळीकडे पसरला.

यातून दोन गोष्टी कळतात. संकराने स्पीड आला हे खरं, पण तो मिसळल्या मिसळल्या आला नाही, मिसळीतून एक माल आत आला आणि मग मैदानावरच्या निवडीने दोनशे अडीचशे वर्षं तो घासून पुढे आणला. दुसरं म्हणजे 'स्पीड' अशी एकच गोष्ट नसते. हजार मीटरचा स्पीड वेगळा, अडीच हजारचा वेगळा, दीडशे किलोमीटरच्या एन्ड्युरन्सचा तर पूर्णच वेगळा. त्यामुळे अमुक क्रॉस केला तर घोडा फास्ट होईल का या प्रश्नाला पहिलं उत्तर हेच, की किती अंतराला?

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो, म्हणजे संकराचा जोम वाले. संकराचा जोम ही खोटी गोष्ट नाही, पण तो सगळ्या गुणांवर सारखा चालत नाही. ज्या गुणांवर जवळच्या नात्यातल्या ब्रीडिंगचा मार आधी बसतो, म्हणजे गाभण राहणं, पिल्लू जगणं, प्रतिकारशक्ती, एकूण टिकाऊपणा, तिथे संकराचा फायदा जास्त दिसतो. ज्या गुणात खूप जीन थोडा थोडा वाटा टाकतात आणि ज्यासाठी शेकडो वर्षं निवड झालीये तिथे पोर साधारण आई आणि बापाच्या मध्ये कुठेतरी येऊन पडतं. थरोब्रेडला एखाद्या संथ पण दणकट ब्रीडशी क्रॉस केलं तर पहिली पिढी दणकट होईल, स्वभावाने कदाचित बरी होईल, पण सोळाशे मीटरला आपल्या थरोब्रेड बापाच्या शेपटीलाही लागणार नाही. सगळ्यात टोकाचा संकर बघायचा तर खेचर बघा, घोडी आणि गाढव. काटकपणा जबरदस्त, खाणं कमी, आयुष्य लांब, पाय भक्कम. अमेरिकेत खेचरांच्या रेसही होतात, आयडाहो जेम नावाचं खेचर 2003 मध्ये क्लोन करून जन्माला घातलं आणि नंतर ते रेसही पळालं. पण चांगल्या रेसच्या घोड्यापुढे खेचर नाही टिकत. जोम आहे, स्पीड नाही.

मग क्रॉस करून स्पीड कुठे मिळाला? अमेरिकन क्वार्टर हॉर्समध्ये. पाव मैल, म्हणजे 400 मीटरच्या आसपास. तिकडे वसाहतीच्या काळात स्पॅनिश वंशाच्या आखूड, भरल्या मांड्यांच्या घोड्या होत्या, त्यांवर इंग्लिश थरोब्रेड लावले गेले आणि उभ्या जागेवरून उसळी मारणारा घोडा तयार झाला. ही रेस बघताना गेट उघडतो तो क्षण बघा, थरोब्रेड दोन तीन ढांगा टाकत लय पकडतो, क्वार्टर हॉर्सची मागची बाजू आधी खाली बसल्यासारखी होते, मागचे दोन्ही पाय पोटाखाली येतात आणि पुढचा भाग अक्षरशः वर फेकला जातो, जॉकी सावरेपर्यंत घोडा पूर्ण वेगात. पाव मैल संपेपर्यंत थरोब्रेडला वेळच मिळत नाही. पण अंतर वाढवा, आणि चित्र उलटं होतं. आणि मुद्द्याची गोष्ट ही की 1940 मध्ये त्यांचं रजिस्टर स्थापन झाल्यावरही थरोब्रेडला दार बंद केलं नाही. थ्री बार्स नावाचा थरोब्रेड स्टॅलियन क्वार्टर हॉर्स रेसिंगच्या पेडिग्रीत जिथे तिथे दिसतो. आजही क्वार्टर हॉर्स आणि थरोब्रेडचं पोर अपेंडिक्स नावाच्या वेगळ्या यादीत नोंदलं जातं, ते रेस पळू शकतं, आणि ठरलेली कामगिरी करून दाखवली की मुख्य रजिस्टरमध्ये जाऊ शकतं. म्हणजे 'तू कोणाचा' याच्या आधी 'तू पळतोस कसा' विचारलं जातं.

स्टँडर्डब्रेड, म्हणजे मागे गाडी लावून ट्रॉट किंवा पेस या ठरावीक चालींत पळणारे घोडे, त्यांची सुरुवात तर याहून सरळ. त्यांचाही पाया थरोब्रेडवर आहे, मेसेंजर नावाचा स्टॅलियन 1788 मध्ये अमेरिकेत नेला गेला, त्याच्या वंशातला हॅम्बलटोनियन 1849 मध्ये जन्मला आणि आजचे जवळपास सगळे स्टँडर्डब्रेड त्याच्यापर्यंत जातात. पण 1879 मध्ये नियम ठरवताना घड्याळ लावलं, एक मैल अडीच मिनिटांत ट्रॉट करून दाखवणं हे मुख्य माप. वंश बघितला नाही असं नाही, पण घड्याळाला मान होता. मला ही पद्धत मनापासून आवडते. रेसचं ब्रीड आहे ना, मग रेसनेच ठरवू द्या की.

शुद्धतेच्या हट्टाचं काय होतं याचा मोठा धडा खुद्द ब्रिटिशांनीच गिरवलाय. अमेरिकेत रेसिंगवर बंधनं आली तेव्हा तिकडचे घोडे मोठ्या संख्येने इंग्लंडला यायला लागले. त्यातल्या बऱ्याच घोड्यांच्या जुन्या पेडिग्रीत कुठेतरी कागद अपुरे होते, आणि तिकडचा सगळ्यात गाजलेला स्टॅलियन लेक्सिंग्टन, जो 16 वर्षं तिथला नंबर एकचा बाप होता, त्याच्याही वंशावळीत असं भोक होतं. तर 1913 मध्ये नियम केला गेला, जर्सी ॲक्ट म्हणून ओळखला जातो, की ज्याचे सगळे पूर्वज आधीच्या रजिस्टरमध्ये सापडत नाहीत तो थरोब्रेड नाही. त्याला रेस पळायला बंदी नव्हती हे लक्षात घ्या, फक्त ब्रीडिंगमध्ये त्याला कमअस्सल म्हणायचं. मग व्हायचं तेच झालं. हे कमअस्सल घोडे येऊन इंग्लंडच्याच सगळ्यात मानाच्या रेस मारायला लागले. 1948 मध्ये माय बाबूने टू थाउजंड गिनीज जिंकली, ब्लॅक टार्क्विनने सेंट लेजर, दोघंही त्या नियमाने 'थरोब्रेड नाही'! नाक धरून किती दिवस बसणार, 1949 मध्ये नियम बदलावा लागला. छत्तीस वर्षं वहीने घड्याळाशी भांडण केलं आणि वही हरली. त्यानंतर अमेरिकन रक्त युरोपात आलं, आणि त्यातूनच पुढे नॉर्दर्न डान्सरच्या मुलांनी युरोपचं रेसिंग ताब्यात घेतलं.

आणि नेमकी इथेच आजची अडचण सुरू होते. 2020 मध्ये जगभरच्या दहा हजारांहून जास्त थरोब्रेडचा डीएनए आणि पेडिग्री तपासलेला अभ्यास आला, त्यात 97 टक्के पेडिग्रीत नॉर्दर्न डान्सर निघाला आणि गेल्या पन्नास वर्षांत इनब्रीडिंग, म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास वाढत गेल्याचं स्पष्ट दिसलं. 1961 चा एक घोडा, आणि सगळं जग त्याचं नातवंड पतवंड. हे कसं झालं? पूर्वी एक स्टॅलियन सीझनला चाळीस पन्नास घोड्या भरायचा, आता फॅशनमधला स्टॅलियन दीडशे दोनशे भरतो, त्यातून काही तर उत्तर गोलार्धातला सीझन संपला की विमानात बसवून दक्षिण गोलार्धात पाठवतात, तिकडे परत सीझन. गंमत म्हणजे थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा आणि घोडी प्रत्यक्ष भेटलेच पाहिजेत, तरी ही अवस्था.

यावर लोक लगेच एनेबल या गाजलेल्या घोडीचं नाव घेतात. घ्या, घेण्यासारखंच आहे. तिची पेडिग्री उघडून बघा, बापाच्या बाजूला तिसऱ्या पिढीत सॅडलर्स वेल्स, आईच्या बाजूला दुसऱ्याच पिढीत परत सॅडलर्स वेल्स, म्हणजे आईचा बाप तोच आणि बापाचा आजोबाही तोच. इतक्या जवळच्या नात्यातून आलेली घोडी 2017 आणि 2018 अशी सलग दोन वर्षं आर्क ही फ्रान्समधली मानाची रेस जिंकते. मग इनब्रीडिंगने काय बिघडलं? बिघडलं ते आपल्याला टीव्हीवर दिसत नाही हो. जे घोडे रेसपर्यंत पोचलेच नाहीत त्यांचा फोटो कोण छापणार. हिल यांच्याच टीमने 2022 मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातले सहा हजारांवर थरोब्रेड बघितले, त्यात इनब्रीडिंग 10 टक्क्यांनी वाढलं तर घोडा आयुष्यात एकदा तरी रेस पळण्याची शक्यता 7 टक्क्यांनी घटते असं निघालं. बघा, स्पीड कमी होतो असं हे म्हणत नाहीयेत, घोडा मैदानावर येण्याआधीच गळतो असं म्हणतायत. पाय, फुप्फुसं, हाडं, काय काय.

म्हणून मी त्या 'स्पीड थांबलाय, आता बाहेरचं रक्त आणा' वाल्या युक्तिवादावर भर देत नाही. सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने 1973 मध्ये अमेरिकेतली बेलमाँटची दीड मैलाची रेस 2 मिनिटं 24 सेकंदांत, घोड्याच्या 31 लांबींच्या फरकाने मारली आणि ते रेकॉर्ड अजून तसंच आहे, हे उदाहरण सगळे देतात. अमेरिकेच्या मोठ्या रेसमध्ये विजेत्यांचा वेग बराच काळ सपाट झालाय हेही खरं. पण ब्रिटनमधल्या 1850 पासूनच्या वेळा बघितल्या तर कमी अंतराच्या रेसमध्ये घोडे अलीकडेही फास्ट होतच होते. आणि 402 मीटरचा ताशी 70.76 किलोमीटरचा गिनेस रेकॉर्ड 2008 मध्ये एका दोन वर्षांच्या थरोब्रेड घोडीनेच केला, विनिंग ब्रू तिचं नाव. म्हणजे स्पीडचं दुकान काही बंद पडलेलं नाही. चिंता टिकाऊपणाची आहे, आणि टिकाऊपणा हाच तो गुण आहे जिथे संकर खरोखर उपयोगी पडतो.

आता विरोधातलंही मांडतो, कारण ते हलकं नाही. तुर्कमेनिस्तानच्या अखल-टेके घोड्यांचं काय झालं बघा. सोव्हिएत काळात त्यांना आणखी फास्ट करायचं म्हणून थरोब्रेडशी क्रॉस केलं. 1935 मध्ये अश्गाबातहून मॉस्कोपर्यंत चार हजारांवर किलोमीटरची स्वारी झाली, 84 दिवस, वाटेत काराकुमचं वाळवंट. शुद्ध अखल-टेके पोचले ते संकरितांपेक्षा कितीतरी बऱ्या अवस्थेत. त्यानंतर 1936 पासून जन्मलेल्या थरोब्रेड संकरांना शुद्ध मानणं बंद झालं. म्हणजे स्पीडच्या मोहापायी केलेला क्रॉस त्या ब्रीडचा मुख्य गुणच खाऊन गेला असता. आणि दार उघडं असलं की रोग येत नाही असंही नाही, क्वार्टर हॉर्समध्ये इम्प्रेसिव्ह नावाच्या एका स्टॅलियनमुळे पोटॅशियमचा झटके आणणारा आजार हजारो पोरांत गेला, कारण दिसायला देखणा म्हणून सगळे त्याच्याच मागे लागले. त्यामुळे एका बापाचा अतिरेक हा मूळ रोग आहे, दार उघडलं आणि तो अतिरेक तसाच ठेवला तर काही उपयोग नाही हे मला मान्य आहे. अमेरिकेत एका स्टॅलियनला वर्षाला 140 घोड्यांची मर्यादा घालायचा नियम 2020 मध्ये आणला होता, मोठ्या फार्मवाल्यांनी कोर्ट गाठलं आणि 2022 मध्ये तो मागे घेतला गेला. माझ्या मते तो नियम परत यायला हवा, आणि दाराच्या आधी यायला हवा.

पण दाराचं काय? कागदावर दार आहे. आंतरराष्ट्रीय नियम असा की सलग आठ पिढ्या थरोब्रेडशी क्रॉस करा, वर रेसमधली कामगिरी दाखवा, मग आंतरराष्ट्रीय कमिटी मान्यता देईल. जरा हिशोब मांडू. प्रत्येक पिढीत बाहेरचा वाटा अर्धा होतो, पहिल्या पिढीत निम्मा, मग पाव, मग एक अष्टमांश, आणि आठव्या पिढीत सरासरी दोनशे छप्पन्नातला एक. अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. म्हणजे ज्याला आत घ्यायचं त्याच्यात बाहेरचं काही उरलेलंच नसतं, तेव्हा आत घेतात! आणि एका पिढीला दहा वर्षं धरली तर ऐंशी वर्षं गेली. कोणता मालक थांबेल? नातवाच्या मुलासाठी घोडा पाळणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

तीन पिढ्या पुरेत. तीन पिढ्यांत घोडा सात अष्टमांश थरोब्रेड होतो, पळण्याचं अंग बऱ्यापैकी परत आलेलं असतं आणि बाहेरचं रक्तही मोजण्याइतकं शिल्लक असतं. पहिले काही सीझन अशांच्या वेगळ्या रेस ठेवा, वेळ घड्याळावर मोजा, किती रेस न लंगडता पळाला ते मोजा, डीएनए तपासा, आणि या सगळ्यांत उतरेल त्यालाच मुख्य रजिस्टरमध्ये घ्या. हे अशक्य वाटत असेल तर फ्रान्सकडे बघा, तिथे अडथळ्यांच्या रेससाठी थरोब्रेड नसलेल्या पण भरपूर थरोब्रेड रक्ताच्या घोड्यांची वेगळी नोंद ठेवतात, आणि त्या जातकुळीतल्या द फेलोने 1994 मध्ये चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला. नंतरचा कौटो स्टारही थरोब्रेडच्या पुस्तकात न बसणारा, त्याने तोच कप 2007 आणि 2009 ला घेतला. अडथळ्यांच्या रेसला लांब अंतर आणि मजबूत पाय लागतात, तिथे हे रक्त कामाला येतं. सहा फर्लांगच्या, म्हणजे साधारण बाराशे मीटरच्या स्प्रिंटला नाही येणार, आणि तसा दावाही कोणी करू नये.

मगाशी म्हटलेली उलटी भेसळ आता सांगतो. अरबी घोड्यांच्या जीनोमच्या 2020 च्या त्याच अभ्यासात सपाट मैदानावर पळणाऱ्या रेसच्या अरबी घोड्यांमध्ये थरोब्रेडचं रक्त अलीकडेच मिसळल्याचा ठोस पुरावा मिळाला. अरबी घोड्यांचं रजिस्टरही 'शुद्ध'च असतं म्हणे. म्हणजे रेस जिंकायची असेल तर कुंपण असो नसो माणसं क्रॉस करतातच, फक्त नियम आंधळे असले की ते रात्री करतात आणि कागदावर दुसऱ्या बापाचं नाव लावतात. त्यापेक्षा दिवसाढवळ्या, डीएनए तपासून, नोंद ठेवून केलेलं काय वाईट?

राहता राहिला पैसा, आणि खरा विरोध तिथूनच येणार. लिलावात वर्षभराचं शिंगरू उभं असतं, ते अजून एक पाऊलही रेसमध्ये पळालेलं नसतं, किंमत लागते ती कॅटलॉगच्या पानावरच्या बापाआजोबांच्या नावांना. दार उघडलं तर त्या पानाचा भाव उतरेल अशी भीती फार्मवाल्यांना वाटणार, आणि ती खोटी नाहीये. पण तीन पिढ्या थांबून, वेगळ्या रेस पळून, घड्याळावर उतरून आत येणारे घोडे दरवर्षी येऊन येऊन किती येतील? मूठभर. तेवढ्याने ज्याच्या कॅटलॉगचा भाव पडतो त्याने आपल्या घोड्यांचे पाय एकदा एक्सरे काढून बघावेत, पेडिग्री नंतर बघू.